गाडी ठीक आहे, हात ठीक नाहीत

मिस्त्रींना ‘काय आहे ना’ म्हटल्याशिवाय वाक्य सुरूच करता येत नसे. गिऱ्हाइकाने विचारावं, “मिस्त्री, गाडी कधी मिळेल?” मग मिस्त्रींनी पाना खाली ठेवावा, दोन्ही हात फडक्याला पुसावेत, आजारी नातेवाइकाकडे पाहावं तसं बॉनेटकडे पाहावं आणि म्हणावं, “काय आहे ना, गाडी तशी तयारच आहे.” याचा अर्थ जुन्या गिऱ्हाइकांना पाठ होता. गाडीला अजून हात लागलेला नाही. ‘काय आहे ना, थोडंसं काम आहे’ म्हणजे इंजिन उतरवणार. आणि मिस्त्री नुसतंच ‘काय आहे ना...’ म्हणून गप्प झाले, तर गिऱ्हाइकाने मुकाट्याने गाडीतली छत्री आणि चष्मा काढून घ्यायचा आणि घरचा रस्ता धरायचा.

अडतीस वर्षं ते पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या गाड्यांच्या पोटात डोकं घालून उभे होते. फक्त जुन्या. कार्बोरेटरवाल्या. नवी गाडी कुणी आणली तर बॉनेट उघडून आतलं प्लास्टिकचं काळं झाकण बघत आणि परत लावून टाकत. “काय आहे ना, हे इंजिन तोंडावर पांघरूण घेऊन झोपलंय. मी अशा झोपलेल्यांना उठवत नाही.” जुन्या गाडीचं मात्र त्यांना नुसत्या आवाजावरून कळे. गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की हे शेडमधून सांगणार, तीन नंबरचा प्लग गेलाय.

उन्हाळा लागला की त्यांचं एक ठरलेलं व्याख्यान असे. दुपारी कुणाची गाडी गर्दीत बंद पडली, अर्धा तास सुरूच झाली नाही, आणि मग काही न करता आपोआप सुरू झाली, की तो माणूस घाबरून मिस्त्रींकडे येई. मिस्त्री त्याला स्टुलावर बसवत.

“काय आहे ना, भूत वगैरे काही नाही. पेट्रोल तापलं की त्याची वाफ होते. वाफ नळीत जाऊन बसते. मग पंप बिचारा ओढतो, ओढतो, हाती येते नुसती हवा. इंजिन उपाशी. तुम्ही वरून स्टार्टर मारता. उपाशी माणसाला धावायला लावल्यासारखं आहे ते.”

मग उपाय. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या पाइपापासून चार बोटं लांब हवी. जवळून नेणं भागच असेल तर तिला जाड आवरण हवं. टाकीच्या झाकणाचं भोक उघडं हवं. उन्हातून लांब आलात तर लगेच किल्ली फिरवू नका, मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवा, पंख्याला वारा घालू दे. आणि एवढं करूनही रस्त्यात अडलातच, तर बॉनेट उघडा, पंपावर ओलं फडकं टाका आणि सावलीत बसा. “शिव्या देऊ नका. शिव्यांनी ती आणखी तापते.”

हे सगळं ज्यांना तोंडपाठ होतं, त्यांच्याच थोरल्या बहिणीच्या घरची गाडी दर दुपारी बंद पडत होती.

ती गाडी त्यांच्या मेहुण्यांची, म्हणजे भाऊजींची. फिकट निळी, चार दारांची, भाऊजींहून थोडीच तरुण. भाऊजींनी इस्पितळाची रुग्णवाहिका छत्तीस वर्षं चालवली होती. निवृत्त झाल्यावर ही गाडी घेतली, आणि तीही ते रुग्णवाहिकेसारखीच चालवत. खड्डा दिसला की मागे न बघता म्हणत, “सांभाळा हं, आता थोडं हलेल.” मागे कुणी नसलं तरी म्हणत. बोलण्याची हौस नाही, फुशारकी नाही. एकच वाक्य ते वर्षातून एकदा कुणाच्या तरी लग्नात किंवा जेवणात म्हणत, “माझ्या गाडीत आजवर एकही माणूस दगावला नाही.” आणि ताई, म्हणजे मिस्त्रींची बहीण, लगेच म्हणे, “हो, उतरल्यावर काय झालं ते विचारू नका.”

गेल्या थंडीत भाऊजींच्या गाडीचा कार्बोरेटर काढावा लागला होता. कार्बोरेटर आणि त्याच्याखालचं तापणारं लोखंड यांच्यामध्ये फायबरची एक जाड पॅकिंग असते, अर्ध्या बोटाएवढी. ती तडकली होती. दुकानात तशी नव्हती. दुकानदार म्हणाला, दहा दिवस लागतील. मिस्त्री म्हणाले, दहा दिवस कशाला? त्यांनी लेथवाल्याकडे बसून स्वतःच्या नजरेखाली ॲल्युमिनियमची पॅकिंग करून घेतली. भोकं अचूक, कडा गुळगुळीत, वर पॉलिश. भाऊजींच्या तळहातावर ठेवून म्हणाले, “काय आहे ना, ही आता तुमच्या नातवंडांनाही पुरेल.” भाऊजींनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, “दागिनाच केलास की रे.”

मार्च लागला आणि गाडी अडायला लागली. बाजाराच्या चौकात अडली. इस्पितळासमोर अडली, जिथे भाऊजींना अजून शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सगळे ओळखत. भाऊजी फोन करत, “छोट्या, परत झालं बघ.” छप्पन वर्षांच्या मिस्त्रींना ताई आणि भाऊजी दोघेही छोट्याच म्हणत. मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी जात, गाडी काढत, दोन चकरा मारत. गाडी अगदी शहाण्यासारखी चाले. नळी तपासली, पंप उघडला, टाकीच्या झाकणाचं भोक टाचणीने साफ केलं. सगळं पाहिलं. ॲल्युमिनियमच्या पॅकिंगकडे मात्र पाहिलं नाही. ती तर त्यांनीच बसवली होती.

मग एप्रिलमध्ये मिस्त्रींच्या लेकीला नोकरी लागली आणि त्यांनी घरी जेवण ठेवलं. शेजारचा शिंपी आणि त्याची बायको, कोपऱ्यावरचे निवृत्त पोस्टमन, ताई, भाऊजी आणि भाऊजींची थोरली बहीण आक्का. जेवता जेवता शिंप्याने काडी टाकली, “मिस्त्री, सगळ्या गावाच्या गाड्या सुधारता, आणि घरच्या गाडीला चौकात धक्का मारावा लागतो. परवा मी मारला.”

मिस्त्रींच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्यांना एवढंच म्हणायचं होतं की मला अजून दोष सापडलेला नाही. पण पंगतीत हे म्हणायचं कसं? त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, “काय आहे ना, गाडी ठीक आहे हो. हात ठीक नाहीत.”

सगळे हसले. खूप हसले. कारण ते बरोबर वाटलं. भाऊजींचं वय एकाहत्तर, आणि चोक ओढताना त्यांची बोटं जराशी थरथरतात हे सगळ्यांनी पाहिलं होतं. मिस्त्रींना टाळी मिळाली म्हणून त्यांनी आणखी थोडं वाढवलं. भाऊजी पेडल कसं दाबतात, चोक कसा ओढतात, इंजिन पेट्रोलमध्ये कसं बुडवून टाकतात, हे बसल्या जागी करून दाखवलं. थरथरत्या बोटांसकट. भाऊजीही हसले. पाणी प्यायले. त्या दुपारनंतर त्यांनी गाडीची किल्ली खिळ्याला लावली आणि परत काढली नाही.

हे सगळं मिस्त्री विसरूनही गेले होते. जूनमधल्या एका सोमवारपर्यंत.

त्या सोमवारी शाळेतल्या बाईंची गाडी आली. भाऊजींच्या गाडीची सख्खी बहीण, फक्त रंग वेगळा. बाई घाईत होत्या. त्यांचं सगळं बोलणं फळ्यावर लिहिल्यासारखं. “एक, गाडी झटके देते. दोन, मला चारला मीटिंग आहे. तीन, तुम्ही ‘काय आहे ना’ म्हणू नका.” मिस्त्रींनी इंजिन गार व्हायची वाट न पाहता कार्बोरेटरला हात घातला. करंगळी खालच्या लोखंडाला टेकली आणि चर्रकन भाजली. त्यांनी हात झटकला नाही. कारण त्याच हाताचा अंगठा वरती कार्बोरेटरच्या तळाला टेकलेला होता, आणि अंगठ्याला काही होत नव्हतं. कोमट. करंगळीला चटका, अंगठा निवांत, आणि मध्ये अर्ध्या बोटाएवढी फायबर.

“मिस्त्री, भाजलं का?” बाईंनी विचारलं.

“हो,” मिस्त्री म्हणाले.

फायबर उष्णता अडवते म्हणून तिथे फायबर असते. ॲल्युमिनियम उष्णता अडवत नाही, हातोहात वर पोचवतं. स्वयंपाकघरातल्या पातेल्याला विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. मिस्त्रींनी मेहुण्याच्या कार्बोरेटरखाली चूल पेटवून ठेवली होती आणि तिला वरून पॉलिश केलं होतं. सकाळी दोन चकरांत ती तापत नव्हती. भाऊजी दुपारी निघत, गर्दीतून सावकाश जात, इस्पितळापाशी दहा मिनिटं थांबत, आणि तेवढ्यात कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून मोकळं होई.

बाई चारच्या मीटिंगला वेळेत पोचल्या. मिस्त्री मात्र शेड बंद करून बराच वेळ स्टुलावर बसून राहिले.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. ऐकून म्हणाली, “मग जाऊन सांगा की.”

“काय आहे ना...”

“मला कशाला सांगताय काय आहे ना? मी बसले होते का त्या गाडीत? मी हसले होते, ते माझं मी बघेन.”

पण मिस्त्रींना एक दुसरी वाट दिसली होती, आणि ती जास्त सोपी होती. गुपचूप पॅकिंग बदलायची. गाडी सुधारेल, भाऊजी परत चालवतील, आणि कुणाच्या तोंडून कुणाचं नाव निघणार नाही. ही वाट त्यांना इतकी आवडली की मंगळवारी सकाळी दुकान उघडायच्या आधीच ते दुकानासमोर उभे होते. फायबरची पॅकिंग या वेळी मिळाली.

ताईच्या घरी गेले तेव्हा भाऊजी नव्हते. “चालायला गेलेत,” ताई म्हणाली. “हल्ली सगळीकडे चालतच जातात. मी काही बोलत नाही.” ताईचं ‘मी काही बोलत नाही’ ही बोलण्याची सुरुवात असे. “मी काही बोलत नाही, पण दाढीसुद्धा न्हाव्याकडे करून घेतात आता. हात थरथरतो म्हणे. डॉक्टरांकडे गेले, डॉक्टर म्हणाले वयाचं आहे, विशेष काही नाही, तर म्हणतात, डॉक्टरांना काय कळतंय, छोट्याला कळलं. स्वतःच्या मनाने गोळ्या आणल्यात. तुझं नाव घेऊन गोळ्या खातात बघ.”

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. पाऊण तासात काम झालं. ॲल्युमिनियमची पॅकिंग त्यांनी खिशात टाकली. तिचं वजन चांगलंच जाणवत होतं.

“ताई, चल जरा. चक्कर मारू. मुद्दाम भर दुपारची मारू.”

ताई बसली. मिस्त्रींनी गाडी चौकातून नेली, गर्दीत मुंगीच्या पावलाने नेली, इस्पितळासमोर बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी ठेवली. मग किल्ली फिरवली. पहिल्याच फेरीला, खुर्रर्र, सुरू. मिस्त्री मनातल्या मनात सुटले. आता ताई म्हणेल, अरे वा, काय केलंस? आणि आपण म्हणू, काही नाही, थोडी साफसफाई.

ताई म्हणाली, “बघितलंस? तुझ्या हातात चालते. दुपारीसुद्धा चालते. म्हणजे तू म्हणालास तेच खरं. यांचे हातच गेलेत.”

“तसं नाही, ताई...”

“मी काही बोलत नाही, पण तूच ने ही गाडी. इथे उभी राहून गंजणार. हे तिच्याकडे बघतात आणि मान फिरवतात, मला ते बघवत नाही. तुझ्या हातात चालतेय, तुझ्याकडे राहू दे.”

इथे मिस्त्रींना बोलायला संपूर्ण रस्ता मोकळा होता. ते म्हणाले, “काय आहे ना...” आणि गप्प झाले. घरी पोचले तेव्हा भाऊजी परत आले होते. ताईने त्यांना दारातच सगळं सांगितलं. भाऊजींनी खिळ्यावरची दुसरी किल्ली काढली, मिस्त्रींच्या हातात दिली, आणि गाडीचं टप फडक्याने एकदा पुसलं. “चोक अर्धाच ओढ,” म्हणाले. “तुला माहीतच आहे म्हणा. मी कोण सांगणारा.”

आणि मिस्त्री गाडी घेऊन गेले.

मंगळवार, बुधवार, गुरुवार गाडी शेडमध्ये उभी होती. शिंपी येऊन म्हणाला, “शेवटी घरची गाडी घरी आली!” मिस्त्रींनी त्याच्या पँटचं माप चुकल्याचं उकरून काढून त्याच्याशी भांडण केलं. जेवताना त्यांचा हात ताटाकडे जाई आणि मध्येच थांबे. त्यांना आपले हात दिसत राहत. चांगले, खंबीर, न थरथरणारे हात. याच हातांनी त्यांनी पंगतीत भाऊजींची बोटं करून दाखवली होती.

शुक्रवारी सकाळी ते ताईकडे गेले. भाऊजी टेबलावर वर्तमानपत्र सपाट पसरून, त्यावर वाकून वाचत होते. पूर्वी ते पेपर दोन्ही हातांत उभा धरून खुर्चीत रेलून वाचत. हातात धरला की आता त्याची फडफड होत असावी. मिस्त्रींनी खिशातली पॅकिंग पेपरावर ठेवली.

“भाऊजी, चूक माझी होती.”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. करंगळी, अंगठा, फायबर, ॲल्युमिनियम. सांगताना ते भाऊजींकडे न बघता पेपरातल्या एका जाहिरातीकडे बघत होते.

“केव्हा कळलं तुला?” भाऊजींनी विचारलं.

“सोमवारी.”

“आज काय वार?”

“शुक्रवार.”

“गाडी कधी नेलीस?”

“मंगळवारी.”

भाऊजींनी बोटांवर वार मोजले. सावकाश. “म्हणजे माहीत असताना नेलीस.”

“हो.”

दारात ताई उभी होती. तिने तोंड उघडलं. या वेळी ती खरंच काही बोलली नाही.

भाऊजींनी पॅकिंग उचलली, कडेवरून अंगठा फिरवला. “काम मात्र सुरेख केलंय,” ते म्हणाले, आणि हे त्यांनी टोचून नाही, मनापासून म्हटलं, म्हणून मिस्त्रींना ते जास्त लागलं. मग भाऊजी म्हणाले, “त्या दिवशी जेवायला कोण कोण होतं, मिस्त्री?”

मिस्त्री. छोट्या नाही. ताईच्या लग्नापासून बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

“शिंपी, त्याची बायको, पोस्टमन, आक्का. आणि घरचे.”

“गाडी आणा. बारा वाजता आणा. ऊन तापू दे चांगलं.”

बारा वाजता भाऊजी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभे होते. गालावर दोन ठिकाणी कापलं होतं. म्हणजे न्हाव्याकडे गेले नव्हते. ते चालकाच्या जागेवर बसले, मिस्त्री शेजारी. पहिला गिअर टाकताना दांडा खडखडला, एकदा, दोनदा, मग बसला. मिस्त्रींनी खिडकीबाहेर पाहिलं. तिकडे बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी तिकडेच पाहत राहिले.

पहिला शिंपी. भाऊजींनी दुकानासमोर उन्हात गाडी लावली, किल्ली फिरवून बंद केली, आणि दारात जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले. एवढंच. बोलायचं होतं ते मिस्त्रींना. शिंप्याच्या ओठांत टाचण्या होत्या, त्यामुळे तो सगळं ‘म’च्या भाषेत बोलला. “म्हंजे? म्हम्ही म्हणालात म्हात...” त्याने टाचण्या काढल्या. “म्हणजे मी उगाचच हसलो?”

“हो,” मिस्त्री म्हणाले. “उगाच.”

शिंप्याची बायको आतून आली. “मी तेव्हाच म्हणाले होते, काहीतरी गडबड आहे!” ती तेव्हा सगळ्यांत जोरात हसली होती. हे तिला आठवलं असावं, कारण ती लगेच पाणी आणायला गेली आणि बराच वेळ पाणी घेऊन आली नाही.

दहा मिनिटं झाली. गाडीचं टप तापून हात लावण्यापलीकडे गेलं होतं. भाऊजी बसले. किल्ली फिरवली. खुर्रर्र. भाऊजींनी मान एवढीशी हलवली, तीही गाडीसाठी.

पोस्टमन घरच्या पायरीवर बसले होते. पूर्ण हकिगत ऐकून घेतली. त्यांना प्रत्येक गोष्ट परत वाचून खात्री करायची सवय होती. “असं बघा. पाठवणारा तुम्ही. माल खराब. आणि पत्ता लिहिलात यांचा.”

“हो.”

“आणि आम्ही सही करून घेतला.”

“हो.”

“दोन महिन्यांनी पत्र फिरत फिरत पाठवणाऱ्याकडे परत.” मग ते भाऊजींकडे वळले आणि दोन पायऱ्या खाली उतरून म्हणाले, “साहेब, मला पण हसायला नको होतं. माझ्या बायकोला तुम्हीच नेलं होतं इस्पितळात. पावसात.” भाऊजी म्हणाले, “आठवतंय. सांभाळून बसल्या होत्या.” आणि परत किल्ली. परत पहिल्याच फेरीला.

मध्ये एकदा रस्त्यात कडेला गाडी घेऊन भाऊजी म्हणाले, “लेक?” मिस्त्रींनी परगावी नोकरीवर गेलेल्या लेकीला फोन लावला. तिकडून ती म्हणाली, “बाबा, मी ऑफिसात आहे, काय आहे ना सोडून बोला.” त्यांनी ते सोडूनच सांगितलं. तिने आतोबांना फोन द्यायला सांगितलं. भाऊजी फोन दोन्ही हातांनी धरून ऐकत राहिले. काय ऐकलं ते त्यांनी सांगितलं नाही.

शेवटची आक्का. गावाच्या दुसऱ्या टोकाला, तलावाच्या अलीकडच्या गल्लीत. आक्कांचं वय नव्वदीला टेकलेलं आणि कान जवळजवळ बंद. पण त्यांना बहिरं म्हटलेलं चालत नसे. “मला ऐकू येतं. लोक पुटपुटतात त्याला मी काय करू?”

मिस्त्रींनी सांगायला सुरुवात केली.

“काय? पुटपुटू नकोस!”

मिस्त्रींनी आवाज चढवला.

“कोण तापलं? मोठ्याने बोल की रे! खाल्लं नाहीस का सकाळपासून?”

मग मिस्त्री ओरडले. दोन्ही हात तोंडाशी धरून, गल्लीच्या मधोमध. “चूक माझी होती! भाऊजींचे हात ठीक आहेत! मी चुकीचा भाग बसवला!” पलीकडच्या खिडकीत एक बाई आली. वरच्या मजल्यावर दोन मुलं आली. एक सायकलवाला पाय टेकून थांबला.

आक्कांना कळलं. “चूक तुझी. बरं.” त्यांनी मान हलवली. “गाडीची चूक होती, माझ्या भावाची नव्हती. बरं. मग हा दोन महिने माझ्याकडे का आला नाही? दर रविवारी तलावावर नेत होता मला. मला वाटलं, मी काही बोलले का. मी रोज बसून आठवत होते, मी याला काय बोलले.”

मिस्त्रींना हे माहीतच नव्हतं. त्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी दाराच्या चौकटीकडे बघत होते. खूप हळू म्हणाले, “भीती वाटली. तू गाडीत असताना माझ्या हातून काही झालं तर?”

“काय म्हणाला?” आक्कांनी मिस्त्रींना विचारलं. “याचंही पुटपुटणं. काय म्हणाला हा?”

भाऊजींनी मान फिरवली. सांगायचं कुणी? मिस्त्रींनीच सांगायचं. ते आक्कांच्या कानाशी वाकले, पण वाकून चालण्यासारखं नव्हतं. त्यांना तेही ओरडूनच सांगावं लागलं. “भीती वाटत होती म्हणतात! तुम्ही गाडीत असताना त्यांच्या हातून काही होईल म्हणून!”

सायकलवाला निघून गेला. आक्कांनी भिंतीला धरून चपला पायात सरकवल्या. “आज रविवार नाहीये,” त्या म्हणाल्या, “पण चल.”

भाऊजींनी त्यांना पुढच्या जागेवर बसवलं, रुग्णवाहिकेत बसवत तसं, आधी पाठ, मग पाय. मिस्त्रींनी मागचं दार उघडलं.

“मिस्त्री,” भाऊजी म्हणाले, “तुम्ही चालत या.”

हे ते रागाने म्हणाले नाहीत. त्यात काही वाईट नव्हतं, काही चांगलंही नव्हतं. मिस्त्रींनी दार परत लावलं, नीट, आवाज न करता. किल्ली फिरली, गाडी सुरू झाली, आणि आतून ऐकू आलं, “सांभाळ हं आक्का, आता थोडं हलेल.”

मिस्त्री उन्हातून निघाले. घर तिथून तासाभराच्या वाटेवर होतं. गाडी तलावाच्या चढाला लागली होती आणि त्यांचा कान तिच्या मागे मागे जात होता, त्यांना न विचारता. दुसरा गिअर. बरोबर. आता चढ संपेल, आता तिसरा. पडला, जरासा खडखडून, पण पडला. इंजिन एकदाही अडखळलं नाही. मिस्त्री थांबून ऐकत राहिले. आणि स्वतःची लाज वाटावी असं त्यांच्या लक्षात आलं की ते अडखळण्याचीच वाट बघत होते. एकदाच, थोडंसं. म्हणजे भाऊजी बॉनेट उघडून मागे वळतील आणि हाक मारतील, छोट्या, बघ रे जरा.

आवाज लहान होत गेला, एकसारखा, स्वच्छ, आणि वळणापलीकडे गेला.